पिंजऱ्यातील कोंबडी आणि कायदा

जीवदयेस कायद्याचे बळ मिळावे म्हणून राज्यसभा सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक मांडले. त्यातूनच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जीव कोंडणे कलम ११ अन्वये गुन्हा ठरला. परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला अवघा १० ते ५० रुपये! पुढे पंखही पसरता न येणाऱ्या तारेच्या पिंजऱ्यांविरुद्ध प्राणिमित्र संस्थांनी न्यायालयात दाद मागितली. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांसाठी नियमांचे मसुदेच सुचविले. गाय पांजरपोळात पोहोचते, कोंबडी क्वचितच. तिच्यासाठी कायदा हीच पांजरपोळ होय. ती राखणे हे आपणा अहिंसाधर्मीयांचे कर्तव्य आहे.