चार मीटरच्या आतली सेडान

छोटी सेडान भारतात घडली ती रस्त्यापेक्षा करामुळे. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आले. अट एवढीच, की पेट्रोल इंजिन 1200 आणि डिझेल इंजिन 1500 सीसीच्या पुढे नको. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी मुळातच एवढी आखूड होती, पण तेव्हा त्याचे कुणाला अप्रूप नव्हते. टाटांनी 2008 मध्ये इंडिगोची लांबी छाटून इंडिगो सीएस काढली; 2012 मध्ये मारुतीने डिझायर 3,995 मिलिमीटरवर आणली. कात्री चालली ती मुख्यतः डिकीवर, म्हणून मागून या गाड्या जरा खुंटलेल्याच दिसतात.

उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात. तिथे ही गाडी घरची आणि भाड्याचीही. स्टेशनाबाहेरून ओरछा, खजुराहोची भाडी मिळतात. दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशात असल्याने यूपी 93 पाटीच्या टॅक्सीला परवान्याचे कागद जवळ ठेवावे लागतात. सीएनजीची टाकी बसवली, की डिकी जवळपास संपते आणि बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढतात.

22 सप्टेंबर 2025 पासून या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, उपकरही गेला. चार मीटरची अट मात्र कायम आहे.