कापूस आपला, काटा कुणाचा?



आपल्या जिल्ह्यात खामगावला कापसाचा बाजार १८२० च्या सुमारास सुरू झाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या आणि भाव चढले. युद्ध सरलं, तसे भाव उतरले. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. माल झपाट्यानं जाऊ लागला. पण माप अन् भाव मात्र दुसऱ्याच्याच हाती राहिले.

१८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराला शिस्त लागली. पण बाजार समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं बसली. पिकवणाऱ्याला खुर्चीच नव्हती! महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानं समितीत शेतकऱ्यांचं बहुमत ठेवलं. २००३ पासून तर दहा उत्पादक मिळून स्वतःची कंपनी काढू शकतात.

इतिहास सांगतो, तेजी टिकत नाही. एकी आणि हिशेब टिकतो. दोन-चार एकरवाल्यानं एकट्यानं धंदा करू नये. गट करा. दव उडाल्यावर वेचणी करा, कवडी वेगळी ठेवा. घरून वजन करूनच गाडी भरा. सगळ्यांचा माल एकत्र करून जिनिंगचा खर्च आधी काढा. परवडत असेल तर रुई विका, सरकी ढोरांना ठेवा. आणि समितीची निवडणूक आली, की मताचा हक्क असेल त्यानं मत द्यायला चुकू नये. ती खुर्ची फार उशिरा मिळाली आहे.