बोर्डिंगचा धडा

कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंगकडे आपण समाजाची एक वास्तू म्हणून पाहतो. मला त्यात एका जुन्या प्रश्नाचे उत्तर दिसते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, कारण शाहू महाराजांनी ओळखले होते की शाळेत नाव घालून भागत नाही. खेड्यातल्या मुलाच्या राहण्याजेवणाची सोय झाली तरच ते टिकते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगालाही हाच धडा गिरवावा लागला. डेबियन ही संगणकप्रणाली जगभरचे स्वयंसेवक घडवतात. एरवी त्यांची गाठ पडद्यावरच पडते. म्हणून २००० पासून त्यांचे डेबकॉन्फ हे संमेलन भरते. २०२३ मध्ये ते केरळात कोचीला झाले. शेजारी बसून चुका दुरुस्त करायच्या, एकत्र जेवायचे. नवख्याची भीड तिथेच मोडते. ज्याला खर्च झेपत नाही, त्याला प्रवास, निवास आणि जेवणासाठी मदत मागता येते.

आपल्या मोहल्ल्यातली मुले-मुली संगणक शिकतात, पण अशा संमेलनांना जाणारी मला क्वचितच भेटतात. त्यांना कोणी अडवत नाही. गाडीभाडे आणि इंग्रजीची धास्तीच त्यांना घरी बसवते. आपल्या शिक्षणसंस्थांनी शिष्यवृत्तीच्या जोडीला अशा एका संमेलनाचे भाडेही द्यावे, आणि सोबत जाणारा एक अनुभवी माणूसही.