साधनांची कीर्द आणि खतावणी

देवस्थानच्या कचेरीत ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना कीर्द म्हणजे काय आणि खतावणी म्हणजे काय हे सांगावयास नको. देवापुढे ठेवलेले द्रव्य असो, कुळाकडून आलेले भात असो की समईचे तेल असो, ज्या दिवशी ते आले त्याच दिवशी कीर्दीत त्याची नोंद पडते आणि मागाहून तीच नोंद खतावणीत आपापल्या खात्यावर जाते. कीर्दीतली नोंद राहिली तर जिन्नस आला याला पुरावा उरत नाही. खतावणी राहिली तर जिन्नस असूनही वेळेवर सापडत नाही. इतिहासाच्या साधनांचा व्यवहार याहून निराळा नाही, असे आमचे मत स्वतःच्या चुकांनी बनले आहे.

त्यांपैकी एक चूक येथेच सांगून टाकतो. नंदादीपासाठी दिलेल्या एका जमिनीच्या मोडी कागदाची नक्कल आम्ही फार पूर्वी उतरून घेतली होती. मजकूर स्वच्छ आहे, तिथी आहे, साक्षीदारांची नावे आहेत. मात्र अस्सल कागद कोणाच्या पेटीत, कोणत्या रुमालात पाहिला, ते त्या टिपणावर नाही. लिहिण्याची गरज काय, हे कसे विसरेल, असे त्या वेळी वाटले. पुढे विसरलो. त्या गावी आम्ही दोन घरी दप्तरे पाहिली होती. त्यांतील कोणते घर, हे आज सांगता येत नाही आणि दोन्ही घरे आता मोडली आहेत. ज्या वादात ती नक्कल निर्णायक ठरली असती, त्या वादात आम्हाला मौन धरावे लागले. अस्सल दाखवा, असे कोणी म्हटले असते तर दाखविणार काय? ठिकाण हरवलेले साधन हे साधन राहत नाही, ती ऐकीव गोष्ट होते.

आमच्या थोर पूर्वसूरींनी हा धडा आमच्याइतक्या उशिरा घेतला नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे बावीस खंड निघाले. गावोगाव हिंडून, माळ्यावरची धूळ झाडून, घरमालकांची मनधरणी करून त्यांनी कागद गोळा केले. त्या कागदांना घर असावे म्हणून १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९२६ साली राजवाडे निवर्तले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी धुळ्यास राजवाडे संशोधन मंदिर उभे राहिले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अल्पकाळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून काढले. हजारो रुमालांच्या त्या अरण्यात रुमालाचा आणि पुडक्याचा अंक हीच वाट दाखविणारी खूण होय. तो अंक टिपून ठेवला नाही, तर एकदा हाती आलेला कागद पुन्हा दिसेलच असे नाही.

सुटी टिपणे खात्यावर लावण्याची कलाही जुनी आहे. झुरिकचा पंडित कॉनराड गेसनर याने १५४५ साली सर्व ज्ञात ग्रंथकारांची प्रचंड सूची छापली, आणि लिहिलेले उतारे कात्रीने कापून, त्यांच्या चिठ्ठ्या विषयवार लावण्याची रीतही त्यानेच वर्णून ठेवली. आपल्याकडे या शास्त्राला राजाश्रय मिळाला तो बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले, संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग काढला. त्या चळवळीचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे, ही गोष्ट वडोदऱ्याच्या मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे.

याहूनही नेटके उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले आहे. कोंकणी भाषेच्या घडणीवर ग्रंथ लिहिणारे डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तेथे १९४८ साली संस्कृत भाषेच्या बृहत्कोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचण्यात आले आणि सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोशाचा पहिला खंड छापून येण्यास १९७६ साल उजाडले. चिठ्ठी लिहिणारे हात आणि ती वापरणारे हात यांच्यामध्ये पिढीचे अंतर पडले. तरीही ती चिठ्ठी उपयोगी पडली, कारण शब्द कोणत्या ग्रंथातला, कोणत्या ठिकाणचा, हे तिच्यावर त्याच वेळी लिहिले गेले होते. लिहिणाऱ्याच्या स्मरणावर काहीच सोपविले नव्हते.

आता आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्यास आरंभ केला तेव्हा केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. तो पोर्तुगीजांकडे गेला १७६३ साली. देव एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत आले. त्यांचे कागद मात्र अनेक राजवटींत विखुरले. पाडलेल्या देवळांच्या जमिनींच्या याद्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी महसुलासाठी केल्या. नव्या देवळांच्या सनदा आणि जमाखर्च मोडीत लिहिले गेले. कवळ्याच्या देवळासाठी सातारच्या दरबारातील नारो राम मंत्री यांनी खटपट केली, म्हणून तो धागा शाहू छत्रपतींच्या काळातील कागदांपर्यंत पोचतो. ज्या देवाचे कुळावी आज गोव्यापासून बेळगाव, इंदूर, वडोदऱ्यापर्यंत पसरले आहेत, त्याच्या इतिहासाचे एखादे पान कोणाच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत असेल, हे कोणी सांगावे?

गोव्याचे दप्तरखाने तर फारच जुने. १५९५ साली तेथे राजदप्तराची स्थापना झाली आणि इतिहासकार दियोगु द कौतु हा त्याचा पहिला रक्षक नेमला गेला. लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे, मोसमी वाऱ्यांबरोबर जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवरून नाव मिळालेले ‘मोंसोंयश’ नावाचे शेकडो खंड त्यात आहेत. त्यांपैकी सुमारे साठ खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेण्यात आले. तेव्हा नुसते ‘मोंसोंयश’ असे लिहून भागत नाही. खंड पणजीचा की लिस्बनचा, हेही सांगावे लागते. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९३१ पासून तीस वर्षे या दप्तराची धुरा वाहिली आणि १९५५ साली पोर्तुगीज भाषेत त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आज गोव्याच्या इतिहासावर लेखणी उचलणारा प्रत्येकजण त्या मार्गदर्शिकेचा ऋणी आहे.

परंतु प्रत्येक दप्तराला पिसुर्लेकर लाभत नाहीत. सामान्य अभ्यासकाच्या हाती जे साधन आज आले आहे, ते संगणकावरचे. संदर्भांची व्यवस्था ठेवणारी आज्ञावली, म्हणजे लोक ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ती, प्रथम गणिती व शास्त्रज्ञ यांनी वापरली. १९८५ साली निघालेले बिबटेक हे तिचे एक आरंभीचे रूप. इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतःच्या गरजेतून जी घडविली ती झोटेरो. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकेंद्राने ती २००६ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि तिचे नाव प्रभुत्व मिळविणे अशा अर्थाच्या एका अल्बेनियन क्रियापदावरून घेतले आहे.

तिचा व्यवहार कीर्द-खतावणीच्या परिचयाने सहज उमगतो. ग्रंथालयाच्या सूचीचे पान संगणकावर उघडे असता एक कळ दाबली की ग्रंथकर्ता, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष ही सारी नोंद आपोआप उतरते. छापील पुस्तकाच्या पाठीवरचा आयएसबीएन क्रमांक घातला तरी बहुधा तेच होते. ही झाली कीर्द. पुढे आपण खाती उघडतो: एक ‘कवळे’, एक ‘इनाम जमिनी’, एक ‘पोर्तुगीज आज्ञा’. एकच नोंद तिन्ही खात्यांवर लावता येते आणि मूळ नोंद मात्र एकच राहते. चिठ्ठीच्या युगात यासाठी तीन नकला कराव्या लागत आणि एकीत केलेली दुरुस्ती उरलेल्या दोन्हींत करावयाची राहून जाई. लेख लिहिताना तळटीप मागितली की ती ठरलेल्या पद्धतीने उमटते. याशिवाय, निरनिराळ्या गावी राहणाऱ्या मंडळींना एकच सामाईक संग्रह उघडून त्यात भर घालता येते. दूरदूर पसरलेल्या आपल्या समाजाला ही सोय देणगीच वाटावी.

येथवर यंत्राची स्तुती झाली. आता त्याच्या मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. पेटीतल्या मोडी कागदाला आयएसबीएन नसतो. त्याची कीर्द हातानेच लिहावी लागते. आज्ञावलीत हस्तलिखित आणि पत्र असे नोंदीचे प्रकार आहेत आणि त्यांत दप्तरखान्याचे नाव व दप्तरातील ठिकाण यांसाठी रकाने आहेत. ते रकाने भरण्याची टाळाटाळ बहुतेक सर्व अभ्यासक करतात आणि खरी किंमत तर त्याच दोन रकान्यांची आहे. कागद कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कितव्या रुमालात, कोणत्या दिवशी पाहिला, अस्सल पाहिला की नक्कल, हे तेथे लिहावे. आणि कागदाचे छायाचित्र घेतले असल्यास त्याच नोंदीला जोडावे.

कालगणनेचेही असेच आहे. कागदावर शके १६६० असेल तर अठ्ठ्याहत्तर मिळवून १७३८ साल काढता येते. शुहूर सन असेल तर सामान्यतः पाचशे नव्याण्णव मिळवावे लागतात आणि मृग नक्षत्राच्या अलीकडची तिथी की पलीकडची हेही पाहावे लागते. यंत्राच्या रकान्यात इसवी सन घालावा, म्हणजे कागद कालक्रमाने लागतील. परंतु मूळ तिथी जशीच्या तशी शेजारी टिपून ठेवावी. आपला हिशेब चुकला असेल तर पुढच्याला तो त्यावरूनच सुधारता येईल.

नावांचा घोळ तर गोव्यात पावलोपावली. कुठ्ठाळी, कुशस्थळी आणि पोर्तुगीज लेखणीतून उतरलेले कोर्तालिं ही एकाच गावाची नावे. पण यंत्राच्या दृष्टीने ती तीन गावे. पिसुर्लेकरांचे नाव रोमन लिपीत एक आणि देवनागरीत दुसरे घातले की एका पंडिताचे दोन ग्रंथकार होतात. यास्तव एक रूप आरंभीच ठरवावे, खुणेच्या शब्दांत तेच वापरावे आणि कागदावर आढळलेले रूप टिपणात राखावे. आपोआप उतरलेली नोंदही ग्रंथाच्या मुखपृष्ठाशी ताडून पाहावी, कारण पुनर्मुद्रणाचे वर्ष पहिल्या आवृत्तीचे म्हणून बसलेले पुष्कळदा आढळते. शेवटी, एका संगणकावर विसंबू नये; सर्व संग्रहाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. सनदेची नक्कल निराळ्या पेटीत ठेवणारे आपले वाडवडील याच विचाराचे होते.

आमची देवस्थानांच्या महाजनमंडळींना एक विनंती आहे. उत्सवाची व्यवस्था जशी आपण वाटून घेता, तशी दप्तराचीही घ्यावी. मोडी वाचणारे एक-दोन वृद्ध आणि संगणक जाणणारे दोन-तीन तरुण एकत्र बसवावेत. वृद्धांनी वाचावे, तरुणांनी नोंदवावे. कागद देवळाबाहेर नेण्याचे कारण नाही. जेथे आहे तेथेच तो राहो, केवळ त्याचे ठिकाण आणि त्याचा सारांश लिहून होवो. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत आणि वाळवीला कोणी मुदत घालून देऊ शकत नाही.

आमच्या त्या ठिकाण हरवलेल्या नकलेचीही नोंद आम्ही नुकतीच झोटेरोत केली. दप्तराच्या रकान्यात ‘ठिकाण अज्ञात’ असे लिहावे लागले. ते दोन शब्द लिहिताना जी खंत वाटली, ती आमच्या वाचकांपैकी कोणाच्याही वाट्याला न येवो.