तेच्या मायची

(उद्‌गारवाचक, असभ्य.) चंद्रपूर, गडचिरोली व लगतच्या झाडीपट्टीत, तसेच नागपूरकडे, मुख्यतः पुरुषांच्या तोंडी असलेली मातृवाचक शिवी. इतर रूपे : ‘त्याच्या मायची’, ‘याच्या मायची’, ‘तुया मायची’, ‘मायला’. पश्चिम महाराष्ट्रातील ‘आयला’, ‘च्यायला’, ‘च्यामायला’ ही याच कुळातली. विदर्भात आईला ‘माय’ म्हणतात, म्हणून शिवीतही मायच आली.

व्याकरण. शिवीचा मुख्य शब्द उच्चारलाच जात नाही, हे या कुळाचे वैशिष्ट्य. ‘मायची’ हे स्त्रीलिंगी षष्ठीचे रूप. पुढचे नाम, म्हणजे स्त्रीच्या गुप्तांगाचे नाव, गिळलेले. ‘मायला’ या रूपात नामाऐवजी क्रियापद गळाले आहे. ते ‘झव-’ या धातूचे. त्याचा संबंध संस्कृत ‘यभ्’शी लावतात आणि पाणिनीय धातुपाठात ‘यभ्’ मैथुनाच्याच अर्थाने नोंदला आहे. ‘च्यायला’ दोन्हीकडून छाटलेला : आरंभीचा ‘च्या’ हा ‘तुझ्या’ किंवा ‘त्याच्या’चा उरलेला तुकडा असावा आणि शेवटचे क्रियापद तर गेलेलेच. त्यामुळे ‘च्यायला’ शहरी घरांत, अगदी मुलांच्या तोंडीही खपून जातो. ‘तेच्या मायची’चे आरंभीचे टोक शाबूत असल्याने गिळलेला शब्द ऐकणाऱ्याला आपोआप आठवतो, ती शिवीच राहते.

अर्थ ठरतो तो सर्वनामावर. तृतीयपुरुषी ‘तेच्या’ बहुधा कोणालाच उद्देशून नसतो. बस हुकली, सायकलची चेन उतरली, ऐन रोवणीत पावसाने दडी मारली, की तो निघतो. वैताग, आश्चर्य, क्वचित कौतुकही त्यातून व्यक्त होते. त्याच जागी ‘तुया’ आला की समोरच्याच्या आईचा उल्लेख होतो आणि भांडण पेटते. जिवलग मित्रांत मात्र ‘तुया’ही चालतो. म्हणून कोशात ही शिवी देताना दोन्ही रूपे एकत्र बांधणे प्रस्तुत लेखकाच्या मते चुकीचे आहे.

संबोधनांशीही तिचे नाते ठरलेले. बरोबरीच्या ‘बे’सोबत ती सहज येते (‘काय बे, तेच्या मायची!’), झाडीतल्या ‘गा’सोबत कमी, आणि वडीलधाऱ्यांना लावायच्या ‘जी’सोबत येतच नाही. बायकांच्या शिव्या निराळ्या : ‘मेल्या’, ‘मुडद्या’ अशा, मरणाच्या. शिमग्यात सगळ्यांनाच सूट.

कोकणातील ‘आयचा घो’शी तुलना उद्‌बोधक आहे. तेथे नाम स्पष्ट उच्चारले जाते आणि ते निरुपद्रवी आहे : घो म्हणजे नवरा. मग शिवी कशात, याविषयी एकमत नाही. महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ (2010) या चित्रपटाच्या नावावर आक्षेप घेतला गेला. मालवणी शिव्यांना प्रतिष्ठा मिळाली ती गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’मुळे आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयामुळे. झाडीच्या शिवीला असे नाटक मिळाले नाही, हे थोडे नवलाचे. कारण नाटकांची वाण येथे कधीच नव्हती.

रंगभूमी. दंडार आणि खडी गंमत या जुन्या प्रकारांत असभ्य विनोदाला जागा होती. आजच्या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा). दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी रात्रभर प्रयोग चालतो. या रंगभूमीवरील कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. राज्यात नाट्यसंहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. शिवी येते ती संहितेबाहेर, विनोदी नटाने आयत्या वेळी घातलेल्या भरीतून. तेथेही बहुधा ‘तेच्या...’ एवढे म्हणून नट थांबतो आणि उरलेले प्रेक्षक पुरे करतात. म्हणजे आधीच अर्धी असलेली शिवी आणखी अर्धी होते.

कोशकार्य. झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घातला. असभ्य म्हणी व वाक्प्रचारांचे स्वतंत्र मराठी संकलन अ. द. मराठे यांचे. इंग्रजीतील ‘झव-’च्याच अर्थाच्या चार अक्षरी शब्दालाही ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 1972 च्या पुरवणीपर्यंत थांबावे लागले. पण तो निदान एक सबंध शब्द होता.

शेजारच्या बोली. बल्लारपूर-चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात हिंदी शिव्यांचा जोर. गोंडी, माडिया आणि सिरोंच्याकडील तेलुगू यांतील शिव्या वेगळ्या कुळातल्या.

कायदा. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना उपद्रव देणे भारतीय दंड संहितेच्या कलम 294 खाली गुन्हा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 296. त्याच वर्षी अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास 500 रुपये दंडाचा ठराव केला.