दुभंग काच आणि अखंड काच

जुन्या मोटारीसमोर उभे राहिले म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तिच्या दिव्यांकडे जाते, मग पुढच्या जाळीकडे, आणि त्यानंतर समोरच्या काचेकडे. पुष्कळ गाड्यांत ही काच एक नसते. दोन सपाट काचा मधोमध किंचित कोन करून एकमेकींना भिडलेल्या असतात, आणि त्या सांध्यावर एक उभा दांडा असतो. अशी गाडी हौसेने विकत घेणाऱ्या गृहस्थाच्या मनात बहुधा पहिला विचार येतो तो हा, की मधला दांडा काढून टाकावा आणि एकसंध काच बसवावी. दृष्टी मोकळी होईल, गाडीही जरा नवी दिसेल. परंतु तो दांडा तेथे का आला, हे जाणून घेतल्यावाचून तो काढावा की राहू द्यावा ह्याचा निर्णय करणे योग्य होणार नाही.

आरंभीच्या मोटारींना समोर काचच नव्हती. चालक डोळ्यांना चष्मा लावून धूळ आणि वारा सोसत असे. पुढे काच आली ती आडव्या दोन भागांत विभागलेली. पाऊस आला वा काच धुळीने माखली, की वरचा भाग बिजागरीवर कलता करून फटीतून रस्ता पाहावयाचा, अशी ती योजना होती. काच पुसण्याच्या हाताने चालवावयाच्या साधनाचे एकस्व मेरी अँडरसन ह्या अमेरिकन बाईंनी १९०३ साली मिळवले होते. तथापि ते साधन सार्वत्रिक होण्यास पुष्कळ वर्षे गेली. तोवर काच विभागलेली असणे ही उणीव नव्हती, ती सोय होती.

खरे भय वेगळेच होते. ती काच घरच्या खिडकीच्या काचेसारखी साधी होती. अपघातात तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत आणि धक्क्याने वाचलेला माणूस काचेने जखमी होई. ह्यावर उपाय सापडला तो फ्रान्समध्ये. रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस ह्यांच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक काचेचे भांडे खाली पडले, त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून चिकटलेला होता, अशी हकीकत सांगतात. दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा दाबून बसवण्याच्या त्यांच्या युक्तीला १९०९ साली एकस्व मिळाले. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीने अशी लॅमिनेटेड काच सामान्य माणसाच्या मोटारीत आणली. मधला पापुद्रा काही वर्षांत पिवळा पडे, हा दोष मात्र पुढे चांगले पदार्थ सापडेपर्यंत राहिला.

ह्यानंतर १९३० च्या दशकात गाड्यांचा आकार पालटू लागला. वारा कापत जाणारी निमुळती ठेवण लोकांना आवडू लागली, आणि उभ्या भिंतीसारखी सपाट काच त्या ठेवणीत शोभेना. काच वाकवली असती तर प्रश्न मिटला असता. आता, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाटेल, काच गोल करण्यात अवघड ते काय? परंतु कंदिलाची काच एकेरी असते. मोटारीच्या समोरच्या काचेत दोन पत्रे असतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत मऊ करून साच्यावर बसू दिलेले हे दोन्ही पत्रे एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. बाक जराही चुकला, तर पापुद्रा नीट चिकटत नाही, काचेत ताण राहतो, आणि समोरचा रस्ता लाटांसारखा हलताना दिसतो. शिवाय त्या काळी उत्तम सपाट काच म्हणजे दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत केलेली काच. वितळलेल्या कथलावर तरंगवून काच करण्याची पिल्किंग्टन कंपनीची रीत जाहीर झाली, ती १९५९ साली.

म्हणून कारखानदारांनी व्यवहारी तोड काढली. एक मोठी वाकडी काच होत नसेल, तर दोन लहान सपाट काचा कोनात उभ्या कराव्या आणि सांधा दांड्याने झाकावा. आपल्या जुन्या गाडीचा दांडा हा असा आहे. तो शोभेसाठी लावलेला नाही, आणि कारागिराचा आळसही त्यात नाही. त्या काळच्या काचकामाची मर्यादा त्यातून दिसते.

१९३४ सालच्या क्रायस्लरच्या ‘एअरफ्लो’ गाड्यांत ही गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. एकाच कारखान्याने, एकाच वर्षी, एकाच कल्पनेच्या गाड्या काढल्या. त्यांतल्या अतिमहाग ‘कस्टम इंपीरियल’ला एकसंध वक्र काच होती, आणि इतरांना दोन सपाट काचा होत्या. श्रीमंताला वाक परवडला. बाकीच्यांना दांडा मिळाला.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे मॉरिस मायनर. अ‍ॅलेक इसिगोनिस ह्यांनी रचलेली ही छोटी गाडी ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिची काच दुभंग होती. तिच्याच आधारे हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ ही गाडी आपल्याकडे आणली, आणि तिच्यासह तो दांडाही आपल्या रस्त्यांवर आला. १९५६ साली ‘मायनर १०००’ निघाली, तेव्हा एंजिन ८०३ वरून ९४८ घनसेंटिमीटरचे झाले आणि समोर एकसंध वक्र काच आली. मात्र ही केवळ काचेची बदली नव्हती; बाजूचे खांब बारीक झाले, मागची खिडकीही मोठी झाली. पुढे ज्या अँबॅसडर गाडीने २०१४ पर्यंत आपले रस्ते व्यापले, ती अखंड काच घेऊनच आली होती. त्यामुळे आपल्याकडे दोन पिढ्यांची सीमारेषा ह्या काचेवरूनही ओळखता येते.

दुसऱ्या कारखान्यांनी निरनिराळ्या वाटा घेतल्या. पोर्शेने आपल्या ‘३५६’ गाडीत १९५२ साली काच एक केली, पण मधोमध तिला मोड ठेवली. दांडा गेला, कोन राहिला. पूर्ण वक्र काच तेथे १९५५ साली आली. शेव्हरोलेच्या मालवाहू गाड्यांत १९४७ पासून दोन सपाट काचा होत्या. १९५४ च्या गाडीत एकच वक्र काच आली. मधला दांडा काढला की ही नंतरची काच आधीच्या गाडीतही बसते, म्हणून अमेरिकेतील हौशी लोक ही अदलाबदल फार करतात. फोक्सवॅगनच्या बसने मात्र आपला दांडा १९५० पासून १९६७ पर्यंत राखला. गंमत अशी की आज हौशी लोक त्या जुन्या बसला तिच्या दुभंग काचेवरूनच ओळखतात आणि तिचेच मोल अधिक मानतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दांडा काढू पाहणाऱ्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डावीकडून रस्त्यात येणारा पादचारी क्षणभर त्या दांड्याआड जातो. सांध्यातून पावसाचे पाणी झिरपते आणि रबराखाली पत्रा गंजत राहतो. तथापि अखंड काच बसवावयाची म्हणजे पुष्कळ गाड्यांत नुसता दांडा काढून भागत नाही. चौकटीचा पत्रा कापावा लागतो, वेल्डिंग करावे लागते, वायपरांची ठेवण बदलावी लागते, आणि काच मिळाली तर ठीक, नाही तर एका काचेसाठी साचा करावा लागतो. उलट सपाट काचा कागदाचा नमुना देऊन कोणीही जाणता कारागीर कापून देतो. एके काळी जी काच गरिबाची तडजोड होती, तीच आज मिळण्यास सोपी झाली आहे.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर धोका दांड्यात नसून जुन्या काचेत आहे. पिवळी पडलेली, पापुद्रे सुटलेली वा कोणी मध्येच बसवलेली साधी काच असेल, तर ती आजच काढावी. तिच्या जागी त्याच मापाच्या, पण नव्या लॅमिनेटेड काचेच्या दोन तावदानी बसवाव्या, रबर नवे घालावे, गंज खरवडून पत्रा रंगवावा. एवढ्याने गाडीत बसणाऱ्याचे रक्षण होते आणि गाडीचे रूपही राहते.

कायद्याचाही विचार करावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि सांगाडा, बॉडी वा एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी तिची अट आहे. पत्रा कापून रुंद केलेली चौकट तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटेल, असे कोणी मानू नये.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणाची तत्त्वे १९६४ च्या व्हेनिस सनदेत ग्रथित झाली. ती समोर ठेवूनच जुन्या वाहनांसाठी २०१२ साली तूरिनची सनद तयार झाली. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या कानांना परिचित आहे, आणि त्यातली अडचणही. उद्धार करता करता जे जीर्ण होते तेच नाहीसे झाले, तर राखले ते काय? ज्याला अखंड काच हवीच आहे, त्याने निदान एवढे करावे: पुन्हा पूर्ववत करता येईल असाच बदल करावा, आणि काढलेला दांडा, त्याचे स्क्रू आणि जुन्या काचांची मापे जपून ठेवावी. उद्याच्या मालकाला काच नवी घालता येईल. पण हरवलेला दांडा त्याला कोठून मिळणार?