विकिपीडिया : लेखनिर्मिती व तपासणी

कोणालाही लिहिता येणाऱ्या या ज्ञानकोशात लेखनाला वाव देऊन त्याचा दर्जा राखण्यासाठी घडत गेलेली व्यवस्था. तिचे मूळ एका फसलेल्या प्रयोगात आहे. जिमी वेल्स यांनी मार्च २००० मध्ये सुरू केलेल्या न्यूपीडियात तज्ज्ञांचे लेख सात टप्प्यांच्या परीक्षणानंतरच प्रसिद्ध होत. २००३ मध्ये ती बंद पडेपर्यंत जेमतेम दोन डझन लेख पूर्ण झाले. तिला कच्चा मजकूर मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया उघडण्यात आला. येथे क्रम उलटा होता : आधी प्रसिद्धी, मग तपासणी. वर्षभरात सुमारे २०,००० लेख झाले.

या वेगातील धोका २००५ मध्ये उघड झाला. अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथेलर यांचा केनेडी-हत्येशी संबंध सुचवणारा धादांत खोटा मजकूर त्यांच्यावरील लेखात सुमारे चार महिने तसाच राहिला. डिसेंबरमध्ये इंग्रजी आवृत्तीने अनोंदणीकृत व्यक्तींची नवा लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली. २०१८ पासून त्यासाठी खाते चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेली असावी लागतात. नवा लेख गस्त घालणाऱ्या सदस्याने पाहीपर्यंत, नाहीतर ९० दिवस उलटेपर्यंत, शोधयंत्रांपासून दूर ठेवला जातो. जर्मन आवृत्ती त्याहून कडक : २००८ पासून तेथे नवख्याचा बदल जाणत्या सदस्याने पाहिल्यावरच सर्वसाधारण वाचकाला दिसतो.

कडकपणाचा फटका नवोदितांना बसतो. पहिलेच संपादन यंत्राने उलटवले आणि चर्चापानावर छापील ताकीद आली, की बरेचजण पुन्हा फिरकत नाहीत. इंग्रजीतील सक्रिय संपादक २००७ नंतर घटले, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. दुसरे टोक सेबुआनो आवृत्तीचे. एका स्वीडिश सांगकाम्याने, म्हणजे आपोआप संपादने करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीने, तेथे लाखो लेख रचले. लेखसंख्येत ती अगदी वरच्या रांगेत गेली, पण ते वाचून दुरुस्त करणारी माणसे मूठभरच. अशी देखरेख नसली की काय होते, हे स्कॉट्स आवृत्तीत २०२० मध्ये दिसले : ती भाषा धड न येणाऱ्या एका सदस्याने वर्षानुवर्षे हजारो लेख लिहिले होते.

मराठी आवृत्ती १ मे २००३ पासूनची. सरावाला धूळपाटी, चर्चेला चावडी, संदर्भ नसलेल्या विधानाला ‘संदर्भ हवा’चा साचा, ही साधने येथेही आहेत. उणीव आहे ती ‘अलीकडील बदल’ रोज नजरेखालून घालणाऱ्यांची. ‘अमुक गाव तमुक तालुक्यात आहे’ एवढ्याच ओळीचा लेख काढून टाकावा की विस्तारासाठी राहू द्यावा, हा निर्णय मग मोजक्या प्रचालकांवर, म्हणजे लेख वगळण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांवर, येऊन पडतो.